महाराणी येसूबाई : शृंगारपूर ते सातारा

संगमेश्वर : शास्त्री नदीच्या काठावरील कसबा संगमेश्वरला येणारा इतिहासप्रेमी कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर पाहतो, छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मारकापुढे नतमस्तक होतो आणि परतीच्या वाटेला लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, प्रचितगडाच्या छायेत वसलेल्या शृंगारपूरपर्यंत जाणारे थोडेच. संभाजी महाराजांना ज्या तालुक्यात कैद झाली, त्याच तालुक्यात त्यांची सासुरवाडी होती. पुढे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक अत्यंत कठीण निर्णय घेणारी महाराणी येसूबाई याच शृंगारपूरची लेक होती. शिवाजी महाराजांची सून, संभाजी महाराजांची पत्नी आणि शाहू महाराजांची आई या तीन नात्यांनी त्यांची ओळख करून दिली जाते. मात्र या तिन्ही पुरुषांच्या अनुपस्थितीत त्यांनी जे केले, त्याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

सतराव्या शतकाच्या मध्यास शृंगारपूर हे सूर्यराव सुर्वे यांच्या छोट्या राज्याचे ठाणे होते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ते जिंकले. सुर्वे पळाले, परंतु त्यांच्या कारभारात वजन असलेले शिर्के घराणे महाराजांनी आपलेसे केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे हा सलोखा सोयरिकीने पक्का झाला, तोही दुहेरी सोयरिकीने. पिलाजीराव शिर्के यांची कन्या येसूबाई भोसल्यांच्या घरी युवराज संभाजीराजांची पत्नी म्हणून आली, तर महाराजांची कन्या राजकुंवर ही पिलाजीरावांचे पुत्र गणोजी यांना दिली गेली. येसूबाईंचे माहेरचे नाव राजाऊ होते, असे सांगितले जाते.

या सोयरिकीत एक काटा मात्र राहून गेला. शिर्क्यांना दाभोळच्या देशमुखीचे वतन हवे होते. वतने देऊन मातब्बर घराणी पुन्हा शिरजोर करायची नाहीत, हे महाराजांचे धोरण होते. राजकुंवरला पुत्र झाला म्हणजे ते वतन त्याच्या नावे करू, असे आश्वासन देऊन त्यांनी तो प्रश्न पुढे ढकलला. ढकललेले प्रश्न संपत नाहीत. या वतनाने पुढे येसूबाईंच्या सासर-माहेरात तलवारी उपसल्या.

शृंगारपूरचे दिवस

१६७६ च्या अखेरीस शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी कर्नाटकात निघाले, तेव्हा संभाजीराजांना रायगडावर न ठेवता शृंगारपूरला पाठविण्यात आले. रायगडावर सोयराबाईंचे व काही प्रधानांचे युवराजांशी पटत नव्हते. त्यामुळे सुमारे दोन वर्षे युवराजांचा मुक्काम सासुरवाडीच्या गावी होता. कवी कलश, केशव पंडित अशा विद्वानांचा सहवास त्यांना येथे लाभला. संस्कृत काव्यशास्त्राची त्यांची आवड प्रसिद्धच आहे. येसूबाईंच्या दृष्टीने हा काळ माहेरच्या अंगणातला होता. येथेच १६७८ मध्ये त्यांची पहिली मुलगी भवानीबाई हिचा जन्म झाला.

हे स्वास्थ्य फार दिवस टिकले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संभाजीराजे सज्जनगडाहून निघून मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. वर्षभरातच ते परत फिरले आणि पन्हाळ्यावर वडिलांची भेट झाली. तरी पित्या-पुत्रांतील या दुराव्याची झळ युवराजांच्या पत्नीला किती लागली असेल, याची कल्पना करता येते. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. वारसाहक्काचा वाद उभा राहिला, तो संभाजीराजांनी मोडून काढला आणि जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला.

यानंतरची एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. संभाजी महाराजांनी येसूबाईंना राज्यकारभारात अधिकार दिला आणि स्वतंत्र मुद्रा दिली. या मुद्रेत त्यांचा उल्लेख सखी राज्ञी असा आहे. राणी म्हणून दागदागिने आणि मानपान मिळणे वेगळे, आणि कागदावर आपला शिक्का उमटविण्याचा अधिकार मिळणे वेगळे. महाराज नऊ वर्षे जवळजवळ अखंड मोहिमांवर होते. एकीकडे सिद्दी, दुसरीकडे गोव्याचे पोर्तुगीज आणि १६८१-८२ पासून खुद्द औरंगजेब बादशहा दक्षिणेत ठाण मांडून बसलेला. अशा वेळी रायगडावरील कारभाराचा भार येसूबाईंवर येणे स्वाभाविक होते. चिटणीस घराण्याच्या परंपरेनुसार, बाळाजी आवजी चिटणीस यांना कटाच्या संशयावरून देहान्त शासन झाल्यावर येसूबाईंनी महाराजांना त्याबद्दल स्पष्ट शब्दांत बोल लावला आणि बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांना सांभाळून घेतले. हेच खंडो बल्लाळ पुढे स्वराज्याच्या फार उपयोगी पडले.

१८ मे १६८२ रोजी माणगावजवळील गांगवली येथे येसूबाईंना पुत्र झाला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव शिवाजी ठेवले. तोच पुढे शाहू या नावाने प्रसिद्ध झाला.

माहेर आणि सासर

१६८८ च्या उत्तरार्धात शिर्के आणि कवी कलश यांच्यातील वैर उघड्या लढाईवर आले. या घटनेची नोंद जेधे शकावलीत आहे. शिर्क्यांच्या जोरापुढे कलश विशाळगडाकडे निघून गेले. हे कळताच संभाजी महाराज रायगडाहून आले आणि त्यांनी संगमेश्वर येथे शिर्क्यांचा पराभव केला. म्हणजे येसूबाईंच्या पतीने येसूबाईंच्याच माहेरच्या माणसांवर, त्यांच्याच मुलखात शस्त्र चालविले. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच, १ फेब्रुवारी १६८९ रोजी, कोल्हापूरकडून सह्याद्रीच्या अवघड वाटा तुडवीत आलेल्या मुकर्रबखानाने संगमेश्वरावर अचानक झडप घातली. महाराजांजवळ मोजकी फौज होती. सेनापती म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. महाराज आणि कवी कलश कैद झाले.

मुकर्रबखानाला ही वाट कोणी दाखविली, हा प्रश्न तीनशे वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राला छळतो आहे. लोकमानसाने गणोजी शिर्के यांना दोषी ठरवून टाकले आहे आणि नाटके, कादंबऱ्या व अलीकडे चित्रपटांनी तो निकाल कायम केला आहे. समकालीन साधनांत मात्र त्याचा निर्णायक पुरावा मिळत नाही. शिर्के मोगलांकडे गेले होते आणि त्यांना वैर करण्यास कारण होते, एवढे खरे. या वादात एका व्यक्तीचा विचार सहसा कोणी करीत नाही, ती म्हणजे येसूबाई. भाऊ शत्रूच्या गोटात आणि पती शत्रूच्या बेड्यांत, अशा स्थितीत रायगडावरील सरदारांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले असते तरी नवल नव्हते. तसे झाले नाही. या स्त्रीने गेल्या आठ-नऊ वर्षांत गडावर कोणती पत मिळविली होती, ते यावरून कळते.

रायगडावरील निर्णय

फेब्रुवारी १६८९ च्या पहिल्या आठवड्यात महाराजांच्या कैदेची बातमी रायगडावर पोचली. पेच असा होता. राजा जिवंत आहे. पण शत्रूच्या हाती आहे. युवराज शाहू अद्याप सात वर्षांचाही झालेला नाही. संभाजी महाराजांचे सावत्र बंधू राजाराम गडावरच नजरकैदेत आहेत. वास्तविक १६८० मध्ये याच राजारामांना पुढे करून येसूबाईंच्या पतीला डावलण्याचा घाट घातला गेला होता. नेहमीच्या राजघराण्यात अशा वेळी काय घडले असते, हे सांगायला नको. मुलाला गादीवर बसवून आईने कारभार हाती घ्यायचा, ही सर्वत्र रुळलेली वाट होती. त्या वाटेने जाण्याचा हक्कही येसूबाईंना होता.

त्यांनी राजारामांना बंधमुक्त केले. १२ फेब्रुवारी रोजी राजारामांचे मंचकारोहण झाले. त्या दिवशी संभाजी महाराज हयात होते. त्यांना वढू-तुळापूरच्या परिसरात हालहाल करून मारण्यात आले ते त्यानंतर महिन्याने, ११ मार्च रोजी. पती जिवंत असताना दुसऱ्याला राज्याचा धनी करणे, आणि तेही पोटच्या मुलाला मागे ठेवून, या निर्णयातील राजकीय शहाणपण आज सहज दिसते. वयात आलेला, घोड्यावर बसून फौजेपुढे उभा राहू शकणारा राजा त्या घटकेला हवा होता. औरंगजेबाच्या हातात छत्रपती सापडला, पण छत्रपतींचे राज्य सापडले नाही, याचे श्रेय या एका निर्णयाला द्यावे लागते.

पुढचा निर्णय याहूनही कठोर होता. इतिकादखान (जो पुढे झुल्फिकारखान म्हणून प्रसिद्ध झाला) याने २५ मार्चला रायगडाला वेढा घातला. सगळे राजघराणे एकाच गडावर राहिले तर गडाबरोबर सारेच बुडणार, हे उघड होते. तेव्हा राजारामांनी बाहेर पडावे, गडोगडी फिरून फौजा उभ्या कराव्यात आणि वेळ पडल्यास दूर कर्नाटकात जिंजीला जावे, असे ठरले. येसूबाई मात्र लहान शाहूसह रायगडावरच राहणार होत्या. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत या प्रसंगी येसूबाईंच्या तोंडी मोठे भाषण घातले आहे. बखर शतकाहून अधिक काळानंतरची आहे, तेव्हा त्यातील शब्द येसूबाईंचेच असतील असे मानण्याचे कारण नाही. घटना मात्र तशाच घडल्या. ५ एप्रिल रोजी राजाराम वेढ्यातून निसटून प्रतापगडाकडे गेले.

येसूबाई राहिल्या. राजाची बायको-मुले गडावर आहेत तोवर मोगलांची एक मोठी फौज रायगडाखाली अडकून पडणार होती, आणि तेवढीच सवड राजारामांना मिळणार होती. सात महिन्यांहून अधिक काळ गड लढला. तो पावसाळाही गडावरच्या लोकांनी वेढ्यात काढला. रायगडचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. अखेर ३ नोव्हेंबर १६८९ रोजी गड मोगलांच्या स्वाधीन झाला. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळ फितूर झाला, अशी कथा रूढ आहे. त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. येसूबाई, शाहू आणि शिवाजी महाराजांच्या राणी सकवारबाई यांच्यासह राजपरिवार बादशहाच्या छावणीत रवाना झाला.

छावणीतील संसार

येथून पुढे जवळजवळ तीस वर्षे येसूबाई कैदेत होत्या. मात्र कैद म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी अंधारकोठडी ही नव्हे. औरंगजेबाची छावणी म्हणजे चालते-फिरते शहर होते. बाजार, कचेऱ्या, हत्ती-घोडे, लाखो माणसे. बादशहाच्या खास तंबूंभोवती गुलालबार नावाचे कनातीचे आवार असे. त्या आवारात, बादशहाच्या नजरेच्या टप्प्यात, मराठ्यांच्या राजपरिवाराला ठेवले होते. छावणी हलली की कैदीही हलत. १६९५ ते १६९९ ही वर्षे भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला गेली. पुढे बादशहा स्वतः एकेक किल्ला घेण्यास निघाला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे सासऱ्यांचे गड एकामागून एक पडताना येसूबाईंना शत्रूच्या तंबूतून पाहावे लागले. घेतलेले गड मराठे परत घेत, हेही त्यांना तिथेच ऐकायला मिळत असणार.

शाहूला बादशहाने राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकरांची आस्थेने काळजी घेतली, याविषयी बहुतेक इतिहासकार सहमत आहेत. मोगल छावणीतील नोंदींतून एक लहानशी हकीकत कळते. शाहू शिजवलेले अन्न न खाता फळे, मिठाई यांवर राहत असे, कारण कैदेत असलेल्या हिंदूने अन्न घेऊ नये अशी त्याची समजूत होती. तू कैदेत नसून आपल्याच घरी आहेस, असा निरोप बादशहाने त्याला पाठविला. छावणीत वाढणाऱ्या त्या मुलाला हे नियम कोणी शिकविले असतील, हे ओळखणे कठीण नाही. सात वर्षांचे मूल परधर्मीय सत्तेच्या मध्यभागी पंचविशीपर्यंत वाढले आणि तरीही भोसले कुळाचा वारस म्हणूनच बाहेर पडले, हे आईचे कर्तृत्व आहे. त्याची नोंद कोणत्याही शकावलीत सापडणार नाही.

१६९७-९८ च्या सुमारास जिंजीच्या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट घडली. राजारामांना तिथून सुखरूप बाहेर काढण्यात मोगलांच्या बाजूने असलेल्या गणोजी शिर्क्यांचे साह्य झाले. ते मिळविण्यासाठी खंडो बल्लाळांनी शिर्क्यांना हव्या असलेल्या दाभोळच्या वतनावर पाणी सोडले, असे परंपरा सांगते. वडिलांना देहान्त शासन झाल्यावर ज्यांना येसूबाईंनी जवळ केले, ते खंडो बल्लाळ आणि त्यांचा रुसलेला भाऊ गणोजी हे दोघे मिळून येसूबाईंनीच गादीवर बसविलेल्या राजाला वाचवितात. येसूबाई तेव्हा शेकडो कोस दूर, बादशहाच्या कनातीआड होत्या.

१६९९ पर्यंत बाहेरच्या लढाईला एक दिशा होती. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले आणि सूत्रे ताराबाईंच्या हाती आली. मोगल छावणीतील येसूबाईंची परिस्थिती अधिक अवघड झाली, कारण आता शाहू हा बादशहाच्या हातातील मोहरा होता आणि बाहेरच्या गादीवर ताराबाईंचा पुत्र होता. १७०३ मध्ये शाहूला मुसलमान करण्याचा बेत पुढे आला. तो टळला, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. सेनापती प्रतापराव गुजर यांच्या खंडेराव व जगजीवन या मुलांनी शाहूऐवजी धर्मांतर पत्करले. स्वराज्यासाठी प्राण देणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात; या दोघा भावांनी जे दिले ते प्राणांपेक्षा कमी नव्हते, तरी त्यांची आठवण क्वचितच काढली जाते.

कैदेत पैशांची तंगी नेहमीचीच होती. येसूबाईंनी छावणीतून चिंचवडकर देवांना लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मोरया गोसावी यांच्या या घराण्यात गणेशभक्तीबरोबर गुरुपदही पिढ्यान् पिढ्या चालत आले. राजे, सरदार त्यांना वंदन करीत आणि मोगलही त्यांच्या धर्मस्थानाला सहसा धक्का लावीत नसत. त्यामुळे चिंचवडशी संबंध ठेवणे कैदेतूनही शक्य होते. पत्रात येसूबाईंनी खर्चाची ओढाताण आणि अंगावर झालेले कर्ज यांची हकीकत कळविली आहे. एकेकाळी स्वतःच्या शिक्क्याने कारभार चालविणारी राणी एका देवस्थानापुढे आपली अडचण मांडते आहे. मदतीची याचना असली तरी राजघराण्याच्या गुरुस्थानाशी असलेला धागा या पत्रांनी टिकून राहिला, हेही तितकेच खरे.

दिल्ली

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला. गादीसाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात भोपाळजवळील दोराहा येथे शाहूंना सोडले. शाहू दक्षिणेत आले तर मराठ्यांत फूट पडेल, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो खोटा ठरला नाही. मात्र जामीन म्हणून येसूबाईंना अडकवून ठेवण्यात आले. त्यांच्याबरोबर शाहूंच्या पत्नी सावित्रीबाई आणि सावत्रबंधू मदनसिंग हेही होते. १८ वर्षे ज्याला जिवापाड जपले, तो मुलगा स्वतंत्र होऊन दक्षिणेकडे गेला आणि आई उत्तरेकडे नेली गेली. पुढील १२ वर्षे मायलेकरांची भेट नव्हती. ऑक्टोबर १७०७ मध्ये शाहूंनी खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेवर मात केली, १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. आणि राजमाता दिल्लीत ओलीस होत्या.

त्यांच्या सुटकेचा योग जुळवून आणला तो दुसऱ्या एका कोकणी माणसाने. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याला दिल्लीत बादशहा फर्रुखसियर याच्याशी झुंजण्यासाठी मराठ्यांचे बळ हवे होते. १७१८ मध्ये करार ठरला. त्यात शिवाजी महाराजांचे स्वराज्य शाहूंना मिळावे, दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मिळावा आणि त्या बदल्यात मराठ्यांनी १५ हजार फौज बादशाही चाकरीत ठेवावी, अशी कलमे होती. याच करारात येसूबाई व परिवाराच्या सुटकेचे कलम होते. चौथाईच्या सनदांचा महिमा गाताना शालेय पुस्तके या कलमाला एका ओळीत उरकतात. शाहूंच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे असणार.

पेशवे व मराठी फौज १७१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत होती. त्याच महिन्याच्या अखेरीस फर्रुखसियरला पदच्युत करण्यात आले. त्या गोंधळात शहरात दंगल उसळून शेकडो मराठे मारले गेले. संताजी भोसले आणि नाना फडणवीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतच पडले. मार्चमध्ये सनदा हाती आल्या आणि येसूबाईंसह फौज दक्षिणेस निघाली. जुलैच्या आरंभी ती साताऱ्यास पोचली. रायगड सोडल्यापासून २९ वर्षे आणि ८ महिने उलटले होते. शाहू महाराज आता ३७ वर्षांचे होते.

सातारा

मोगलांच्या कैदेतून परतलेल्या राजमातेने राज्याचा कारभार पुन्हा हाती घेतला नाही. तो आता पेशव्यांचा आणि शाहूंचा काळ होता. दरबारात त्यांचा मान मोठा होता. कोल्हापूर आणि सातारा या भोसल्यांच्या दोन गाद्यांमधील तंटा मात्र त्यांना पाहावा लागला. शाहूंच्या प्रतिस्पर्धी गादीवर राजाराम महाराजांचाच दुसरा पुत्र संभाजी होता, म्हणजे ज्या दिराला येसूबाईंनी १६८९ मध्ये राज्य दिले त्याचा मुलगा. हा तंटा १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला.

सातारा शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. सातारच्या राजघराण्यातील अनेकांच्या समाध्या येथे आहेत. त्यांतच येसूबाईंची समाधी दाखविली जाते. रायगडावर त्यांचे वेगळे स्मारक नाही आणि संगमेश्वरहून शृंगारपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या नावाची पाटी शोधावी लागते.